दिवाणातली पैठणी

"सूनबाई, मला उचलून सतरंजीवर ठेव. दिवाण उघड आणि तुझी पैठणी काढ."

अंथरुणाला खिळलेले माझे सासरे, अण्णा, नात्यात कुठलंही लग्न निघालं की हेच म्हणत. आमच्या एका खोलीत कपाट मावलं नाही. माझ्या सगळ्या चांगल्या साड्या त्यांच्या गादीखाली, दिवाणात होत्या.

"राहू द्या हो अण्णा. शेजारच्या वहिनींची नेसते. पैठणी काय पळून जातेय? लेकीच्या लग्नात काढू."

"निदान एकदा उघडून तरी बघ गं," भिंतीकडे तोंड करून ते पुटपुटत.

त्यांच्या दुखऱ्या हाडांना हलवायचं माझ्या जिवावर यायचं. तीन वर्षं मी नाहीच म्हणत राहिले, आणि मनातल्या मनात स्वतःला गुणाची सून समजत राहिले.

अण्णा गेले. गादी टाकून दिली, दिवाण उघडला. गादीखाली अंथरलेलं मेणकापड केव्हाच फाटलं होतं. त्यांची लघवी फळ्यांच्या फटींतून साड्यांवर झिरपत राहिली होती. आईनं दिलेली पैठणी उचलली, तर घडीवरच फाटत गेली.

"अण्णांनी एकदा तरी सांगायचं!" नवरा म्हणाला.

दर लग्नाला सांगत होते.

लेकीच्या लग्नातही मी वहिनींचीच साडी नेसले.