घरातलं एक माणूस

डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि गरगरत राहिलं. नाटकाच्या तालमीच्या हॉलमध्ये तेवढाच आवाज. पोटावर हात ठेवून उताणी पडलेली मुलं डोळे मिटून श्वास सोडत होती. झाकण एकदाचं निजलं. मग कुणाचं तरी पोट हललं, मग शेजारच्याचं, आणि बघता बघता अख्खी ओळ हसायला लागली.

हसू दाबू नका, तोही श्वासच आहे, असं मुलांना सांगून तिनं कोपऱ्यातल्या लेकीकडे डोळे वटारले. लेकीनं घाईघाईनं झाकण उचललं. शाळेला सुट्टी असली की ती डब्यासकट इथे असायची. मुलं तिला छोट्या मॅडम म्हणत.

आज तिचा इथला शेवटचा दिवस होता. मुलांना ते माहीत नव्हतं. व्यायाम संपले की नाटक बसवणाऱ्या सरांच्या खोलीत जायचं, हॉलची किल्ली टेबलावर ठेवायची आणि निघायचं, असं ती ठरवूनच आली होती.

लेक झाल्यापासून ती रंगमंचावर उभी राहिली नव्हती. नाटक शिकायला येणाऱ्या मुलांची अंगं सैल करून द्यायची, गळे मोकळे करून द्यायचे, आणि मग त्यांची कामं विंगेत उभं राहून बघायची. पण आता बसत असलेल्या नाटकातली मोठी भूमिका सरांनी तिलाच दिली होती. वाचन झालं होतं, कपड्यांची मापंसुद्धा गेली होती. लेकीची वेणी घालताना ती वाक्यं पुटपुटायची आणि वेणी तिरकी व्हायची. परवा सरांचा फोन आला. दुसरी मुलगी बघितली आहे म्हणाले. तू व्यायाम घेत राहा, ते तुला छान जमतं. कारण विचारलं तर उगाच खोलात शिरू नकोस म्हणाले.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं तिला पान वाढून दिलं. ती रडत होती तोवर पाठीवरून हात फिरवत बसला. मान चोळत सरांना नाही नाही ते बोलला. असल्या माणसाच्या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस, सोड ते सगळं, म्हणाला. निदान हा तरी आपल्या बाजूनं आहे, एवढ्यावर तिनं दोन दिवस काढले होते.

तिनं मुलांना उठवलं. आधी कंबर, मग पाठ, मान सगळ्यात शेवटी. हात झटका, पाय झटका. जबडा सोडा, तोंडात मऊ काहीतरी चघळताय असं समजा. आता ओठ मिटून गुणगुणा. मागच्या ओळीत ती भूमिका मिळालेली पोरगी उभी होती. सकाळपासून नजर चुकवत होती. तिचा आवाज नाकातच अडकत होता. सवयीनं हात पुढे गेला, त्या पोरीच्या गालांवर बोटं टेकली, जबडा सैल झाला आणि आवाज छातीतून भरून वर आला. चांगला आवाज होता. राग धरायला गेलं तरी धरवेना.

शेवटी निरीक्षणाचा व्यायाम. गेल्या आठवड्यात दिलेला. घरातलं एक माणूस निवडायचं, त्याच्या नकळत त्याला बघायचं आणि इथे जसंच्या तसं उभं करायचं. आपली अक्कल त्यात घालायची नाही. ज्याला ओळख पटेल त्यानं मोठ्यानं सांगायचं. एकानं डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणारे आजोबा आणले. एकीनं बोलता बोलता दुसऱ्याच्या ताटातलं खाणारी मावशी आणली. हशा झाला. तेवढ्यात कोपऱ्यातून बोट वर आलं. लेकीनंही अभ्यास केला होता.

छोट्या मॅडमना जागा द्या रे, म्हणत मुलं मागे सरकली.

लेकीनं आधी रीतसर हातपाय झटकले, ओठांनी फुर्रर्र केलं. मग पाठ फिरवली, आणि वळली तेव्हा वेगळीच झाली. पोट पुढे. टाचेनं दार हळूच लोटलेलं. खांदा आणि कानामध्ये फोन, आणि मोकळा हात मानेवर, मागून पुढे चोळत.

घरमालक, कुणी म्हणालं. पेपरवाले काका, दुसरा म्हणाला. लेकीनं हात दाखवून सगळ्यांना गप्प केलं. अजून बोलायचं बाकी होतं.

आईनं मात्र तो मानेवरचा हात पहिल्या झटक्यात ओळखला होता. किती हुबेहूब. घरी गेल्यावर लेकीला हे त्याच्यासमोर करून दाखवायला लावू, असं मनात येऊन ती हसतच होती.

लेकीनं आवाज खाली घेतला. खाली, पण गोड.

"नाही हो सर, ती स्वतः कधीच नाही म्हणणार नाही. तुम्हीच दुसरी कुणीतरी बघा." मान चोळली. थोडं हसली. "आणि माझं नाव मध्ये घेऊ नका. तुमच्याकडून आलं की ऐकेल ती."

मग फोन ठेवला, दार उघडलं, ओठांचा चंबू करून शीळ घातली, आणि लेक पुन्हा लेक होऊन वाकून उभी राहिली, टाळ्यांसाठी.

कुणी टाळी वाजवली नाही. मागच्या ओळीतली पोरगी फरशीकडे बघत होती. आईनं पोटात श्वास घेऊन बघितला. तो छातीपर्यंतच आला.

लेकीनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मी टेबलाखाली बसले होते, अजिबात कळू दिलं नाही, असं तिनं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. तरी कुणी नाव घेईना. मग ती आईजवळ आली आणि तिचा हात धरून हलवायला लागली.

"सांग ना आई. एवढं सोपं होतं. तुला खरंच नाही ओळखता आलं?"