विसावा दिवस

"तीस हजार नऊशे सत्त्याहत्तर अंश!" थोरल्याने लॅपटॉपवरचा आकडा मोठ्याने वाचला. "सूर्यावर अंडी उबवत होते की काय बाबा?"

धाकटी बहीण हसली. चौदा दिवसांत पहिल्यांदाच. मग तिलाच कसंसं झालं.

बाबांची उबवणी पेटी टेबलावर होती. आत चौदा अंडी. पेटी त्यांनी स्वतः बनवलेली, एका जुन्या वजनकाट्यातली चिप काढून तिच्यात बसवलेली. अंडी ठेवली आणि सहाव्या दिवशी ते गेले. त्याच सुमारास पेटीवरचा छोटा पडदाही बंद पडला होता. पेटी हाताला कोमट लागत होती. पण दोन अंश इकडेतिकडे झाले तरी पिल्लं आतच मरतात. इतके दिवस ऊब बरोबर राहिली की नाही, हे फक्त त्या चिपला ठाऊक होतं.

"चिप गेलीय कामातून," थोरला म्हणाला. "वास सुटायच्या आत अंडी फेकून देऊ. आईला मी सांगतो."

"दादा, अर्धा तास दे."

वॉशिंग मशीनच्या चिपांना कामं शिकवणं हाच तिचा धंदा. चिपमधून लॅपटॉपवर उतरवलेल्या नोंदी तिने पुन्हा पाहिल्या. ऊब: ३०९७७, ३०७२१, ३१२३३. वेडेच आकडे. शेजारी दिवसांचा रकाना होता. पहिला दिवस २५६. दुसरा ५१२. शेवटचा ५१२०.

ती थबकली. वेड लागलेली चिप इतकी शिस्तीत चढत नाही.

"आई, अंडी ठेवून किती दिवस झाले गं?"

"आज विसावा," दारात उभ्या असलेल्या आईने बोटांवरही न मोजता सांगितलं.

तिने ५१२० ला २५६ ने भागलं. वीस.

चिप प्रत्येक आकडा दोन खणांत ठेवते. एका खणात सुटे, दुसऱ्यात दोनशे छप्पन्नचे गठ्ठे. तिच्या ऑफिसातल्या चिपा सुटे आधी ठेवायच्या, म्हणून तिने ते गृहीतच धरलं होतं. ही जुनी चिप गठ्ठे आधी ठेवत होती.

"बाबांनी कधी काही सरळ केलंय का?" थोरला म्हणाला.

"सरळच केलंय. उलटं मी वाचतेय."

तिने खणांची अदलाबदल केली. लॅपटॉपचा पडदा भरून गेला. ३७७. ३७६. ३७८. ३७७. बाबांना दशांश चिन्हाचा कंटाळा, ते सगळं दहाने गुणून ठेवायचे. म्हणजे सदतीस पूर्णांक सात. ते होते ते सहा दिवस आणि ते नव्हते ते चौदा दिवस, आकड्यांची रेघ कुठेच मोडली नव्हती.

थोरल्याने वाकून पेटीत पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तायडे, पण अंडी नुसत्या उबेवर नाही होत. रोज फिरवावी लागतात. नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं. आणि बाबांच्या पेटीला फिरवायची मोटरच नाहीये."

तिचे हात लॅपटॉपवरच राहिले. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

आई पुढे आली. तिने झाकणाच्या काचेवर बोट ठेवलं. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने काढलेला गोल होता.

"एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. दिवसातून पाच वेळा उलटायची. अठराव्या दिवशी थांबायचं. ह्यांनी सांगून ठेवलं होतं."

तेवढ्यात आतून आवाज आला. बारीक, चिडका, अगदी स्पष्ट. थोरला टेबलाशी गुडघे टेकून बसला आणि त्याने काचेला कान लावला. "अगं, हा बोलतोय! अजून बाहेरसुद्धा नाही आला, आणि ओरडतोय बघ कसा माझ्यावर!"

तिघंही हसत सुटली. आईच्या तर डोळ्यांतून पाणी आलं.

"आई," हसू ओसरल्यावर मुलगी म्हणाली, "तू दार लावून इथे बसायचीस ना, आम्ही पाय न वाजवता जायचो बाहेरून. आम्हाला वाटायचं, रडायला जातेस."

"रडायलाच यायचे," आई म्हणाली. "पण रडताना हात रिकामेच असतात की."