डोळ्यांदेखत

कडेने पिवळा पडत चाललेला डोळा. भिंतीवर फुटलेला कप. दाराच्या फटीत चेंगरलेली चार बोटं.

ही सगळी तिच्या वेबकॉमिकमधली चित्रं. गोष्ट मार खाणाऱ्या एका बायकोची. इतकं हुबेहूब कसं जमतं, असं वाचक विचारायचे. डोळ्यांनी पाहिलेलंच काढायचं, हा तिचा हट्ट होता. मार खाल्ल्यावर ती आधी आरशापाशी जायची, मग औषधापाशी.

हात उचलणारा आणि कॉमिकचे पैसे सांभाळणारा माणूस एकच होता. तिचा नवरा.

"वाचकांना त्या नवऱ्याचा मुडदा हवाय," एका दुपारी तो फोन नाचवत म्हणाला. "आगाऊ पैसे भरतायत. मार की त्याला एकदाचा."

"मेलेला माणूस मी पाहिलेला नाही."

"आली मोठी कलावंत. तुझ्या हट्टानं पोट भरणारे का?"

असं म्हणून तो तिच्या टेबलाशी फरशीवर आडवा झाला. हातपाय पसरले, डोळे मिटले. "घे, बघ. मेलो मी. आता काढ गुपचूप."

ती बराच वेळ बघत राहिली.

"अजून खरं वाटत नाहीये," ती म्हणाली. "हलू नकोस."

शेवटचा भाग लोकांनी डोक्यावर घेतला. कवटीची भेग अगदी खरी वाटते, असं ज्याने त्याने लिहिलं. पैशांचा नुसता पाऊस पडला.


हातोडीचं चित्र तिने त्या दुपारच्या आठवडाभर आधीच काढून ठेवलं होतं.