विसांत एकही नाही

विसाव्या वेळीही भाविकाने चुकीचंच बोट दाखवलं.

श्रवणयंत्रांच्या दुकानात सुयशने कागदावर फुली मारली. कानाला लावायची दोन मशीनं, दिसायला सारखी. एकात सेल होता, दुसऱ्यात नव्हता. टेबलाखाली अदलाबदल करून तो ती एकामागून एक तिच्या कानाला लावायचा आणि स्पीकर सुरू करायचा. चालू मशीन पहिलं की दुसरं, एवढंच तिने बोटाने सांगायचं, हे त्याने खुणांनी समजावलं होतं. सुरुवातीला त्याचा हात कानाकडे गेला तेव्हा तिने झटकन कोपर चेहऱ्यावर घेतलं होतं. मशीनला घाबरली असेल, असं त्याला वाटलं.

"हळदीला डीजेपुढं उभी होती, तवापासून ठार बहिरी," तिची सासू राहीबाई म्हणाली. "हाका मारून माझा घसा बसला, हिची मान वलत न्हाय. मशीनने ऐकू आला तर मानकोलीला घरी परत नेईन. न्हायतर इथूनच माहेरी. बॅग गाडीत हाय, माझा पोरगा कुणाल खाली थांबलाय. बोला डॉक्टर, पास का नापास?"

"मी डॉक्टर नाही, मावशी. फिजिक्स शिकलोय. विसांतलं एकही बरोबर नाही."

"मंग झाला तर." राहीबाई उठली. तिच्या मागोमाग भाविकाही पदर सावरून उठली.

सुयश कागदाकडे बघतच राहिला. असा निकाल त्याने फक्त पुस्तकात वाचला होता. त्याचा चेहरा खुलला.

"थांबा, मावशी! चांगली बातमी आहे. ज्याला ऐकू येत नाही तो माणूस अंदाजाने बोट दाखवतो. नाणं उडवल्यासारखं. त्यातली साधारण निम्मी आपोआप बरोबर येतात. सगळीच्या सगळी चुकवायची, तर दर वेळी बरोबर उत्तर माहीत असावं लागतं. यांना मशीन नकोच. कान शाबूत आहेत यांचे."

राहीबाई दारातच थांबली. मग तिने फोन लावला.

"कुणाल, गाडी घराकडं वलव. बायकोला तुझ्या सगला ऐकू येतंय. पहिल्यापासून."

बोलत बोलत ती गॅलरीत गेली. भाविकाने मशीन जपून टेबलावर ठेवलं. सुयशने आवाज न चढवता विचारलं, "काय झालं?"

"दादा," ती हळूच म्हणाली, "किती बरोबर सांगितली असती, तर मी सुटले असते?"