घरचा रेडा

रविवारी दिवस कलला तेव्हा सांगलीतल्या घरात श्रेणिक एक ऑनलाइन गेम घ्यावा की नाही, या विचारात पडला होता. कौतुकाचे रिव्ह्यू तो वाचतच नसे. कौतुक काय, स्थळ सांगणारेही करतात. ज्यानं सगळ्यांत जास्त तास खेळून नावं ठेवली असतील, त्याचंच ऐकायचं, ही त्याची रीत.

तसा एक सापडला. तीन हजार तास खेळलेला माणूस. लिहिलं होतं, 'घेऊ नका. आत जायला सोपं हाय, भायेर यायला दार न्हाई.' नाव होतं, घरचा रेडा.

श्रेणिकचा हात थांबला. चिडली की आई थोरल्या सन्मतीला हेच म्हणायची.

सन्मती साताऱ्याला कारखान्यात होता, एकटाच खोली घेऊन राहायचा. दर रविवारी येतो म्हणायचा आणि ऐनवेळी ओव्हरटाइम निघायचा. स्वयंपाकघरात राजमतीनं दोघा लेकांची ताटं मांडली होती. जैनाचं घर, दिवस मावळल्यावर कुणी जेवत नसे.

"दादाला फोन लाव रं," ती म्हणाली. "ऊन गेलं गच्चीवरनं."

फोन लागला. मागं तलवारींचा खणखणाट चालला होता.

"दादा, कुठं हायस?"

"कारखान्यात. ओव्हरटाइम लागलाय."

"रिव्ह्यू वाचला तुझा."

खणखणाट बंद झाला.

"घेऊ नगंस," सन्मती म्हणाला.

"मग तू कशापायी खेळतोस?"

"मी घेतलाय न्हवं."

फोन कटला. श्रेणिकनं पुन्हा लावला, पुन्हा लावला. सन्मतीनं उचलला नाही. श्रेणिकला भीती वाटली. पडद्यावर त्या नावापाशी हिरव्या अक्षरांत 'आत्ता खेळत आहे' असं दिसत होतं.

"येतोय व्हय?" आईनं विचारलं.

"मी आणतो त्याला," श्रेणिक म्हणाला आणि त्यानं गेम घेतला.

राजमतीनं एक ताट झाकलं.

आत एका पुलावर चिलखतातला धिप्पाड गडी उभा होता. डोक्यावर नाव होतं, घरचा रेडा. श्रेणिकनं लिहिलं, 'दादा, घरी चल.'

उत्तर आलं, 'नगं म्हणलं हुतं न्हवं तुला. आता एकटा फिरू नगंस, मरशील. माझ्या मागनं ये.'

गडी पुलावरून उतरून रानात शिरला. श्रेणिक मागोमाग गेला.

"श्रेणिक, दिवस बुडाया लागला," आई म्हणाली. "जेवून घे की."

"आलोच. एवढं झालं की."

राजमतीनं दुसरंही ताट झाकलं.