मुख्याची सून

सत्तावनच्या उन्हाळ्यात मी पुण्याहून कन्हेरीला आलो, तेव्हा एम.ए.चा निबंध अर्धाच झाला होता. सरांनी आफ्रिकेतल्या एका कादंबरीवर लिहायला सांगितलं होतं. आई शेंगा फोडत बसली होती, म्हणून तिला गोष्ट सांगितली. तिकडच्या एका गावच्या मुख्याच्या थोरल्या मुलाला मूल होईना. दोष त्याच्यातच होता. मुख्याचा मान दुसऱ्या घरात जाऊ नये म्हणून वडीलधाऱ्यांनी धाकट्या भावाला सुनेच्या खोलीत पाठवलं.

"काय रानटी लोक असतात बघ," मी म्हणालो.

आईचे हात थांबले. "त्या बाईला कुणी इचारलं का रं?"

"पुस्तकात तसं काही नाही."

"मग तेवढं लिव्ह. कुणी इचारलं न्हाय म्हून लिव्ह."

तेवढ्यात आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, धाकटे भाऊ तात्या आत आले. माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "बास झालं शिक्षान. आबांच्या मागं पाटीलकी तुलाच बघायची हाय."

आईनं पदर पार नाकापर्यंत ओढला आणि भिंतीकडं तोंड केलं. गावातल्या बाकीच्या बाया धाकट्या दिराची थट्टा करतात, त्याला हसून चहा देतात. आईला मात्र मी लहानपणापासून तात्यांपुढं अशीच बघत आलो होतो.

तात्या गेल्यावर मी आईचं वाक्य वहीत लिहायला घेतलं. 'त्या बाईला' एवढं लिहून झालं आणि पुढं हात चालेना.