एकशेवीस-ऐंशी

“झाडाखाली बसून पाट्या टाकल्यास तू!” चाळणीबाईनं फॉर्मचा गठ्ठा टेबलावर आपटला. “सहा भेटी, आणि सहाही वेळा एकशेवीस-ऐंशी. हा माणूस आहे की भिंत?”

समोर सिस्टर खांद्यावरची पिशवी सावरत उभी होती.

हृदयविकार कुणाला होतो, कशामुळे होतो, याचा अभ्यास त्या ऑफिसात तीन वर्षं चालला होता. शहरातली घरं चिठ्ठ्या टाकून निवडलेली. सिस्टरनं दर सहा महिन्यांनी घरोघर जाऊन रक्तदाब मोजायचा, सवयी विचारायच्या. बाईनं ऑफिसात बसून ते फॉर्म तपासायचे. फॉर्मवर नाव नसे, नुसता क्रमांक. कोणता क्रमांक कुणाचा, ती यादी मोठ्या डॉक्टरांच्या कपाटात कुलूपबंद होती. चाळणीबाई हे नाव ऑफिसातल्यांनी तिला पाठीमागे ठेवलं होतं. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. एखादा खडा सापडला की तिचा दिवस सार्थकी लागे.

आणि खड्यांना काय तोटा! माणसं जात्याच खोटारडी, हे तिचं ठाम मत. जिना चढताना ज्यांचा भाता होतो, ते लिहून देतात, रोज तासभर चालतो. ओठ काळेठिक्कर पडलेत आणि म्हणे सिगारेटचा वाससुद्धा सहन होत नाही. असला एखादा नग हाती लागला की जेवताना तोंडी लावायला दुसरं काही नको. ती नवऱ्याला सगळं रंगवून सांगे. “अहो, आजचा महाभाग ऐकलात का? दाब एकशेसत्तर, आणि म्हणतो मला काही होत नाही. किळस येते मला असल्यांची. जिभेवर ताबा नाही आणि निघाले शंभरी गाठायला!”

नवरा खाली मान घालून “हं” म्हणे. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यापासून तो घरीच असे, त्यामुळे त्याच्यावरही चाळणी फिरेच. हल्ली तो वर येताना जिन्यात मध्येच थांबून भिंतीवरच्या नोटिसा वाचत बसायचा. “परीक्षा आहे वाटतं उद्या तुमची?” ती वरून ओरडायची. शेजारीपाजारी हसायचे, मग तोही हसायचा.

तिनं गठ्ठ्यातला वरचा फॉर्म उचलला आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असा वाचला. “क्रमांक तीनशे अठरा. पुरुष, वय एकसष्ट. मीठ, बेताचं. झोप, शांत. ताणतणाव, नाही.” ती फसकन हसली. “ताण नाही म्हणे! मग याला बायको नसणार.”

पलीकडच्या टेबलांवरची दोघं खो-खो हसली. सिस्टरचे कान लाल झाले.

“मॅडम, मी प्रत्येक वेळी त्यांच्या घरी गेले होते. तीन-तीनदा मोजलंय.”

“आली मोठी मोजणारी! खऱ्या माणसाचा सकाळचा दाब संध्याकाळी राहत नाही. याचा बरा अडीच वर्षं जागचा हलला नाही!”

सिस्टरला कामावरून काढावं, अशी शिफारस बाईनं सकाळीच टाइप करून ठेवली होती. मोठे डॉक्टर तिचा शब्द मोडत नसत. या नोकरीवर सिस्टरचं अख्खं घर उभं आहे, हेही तिला माहीत होतं. पण खोट्याला कसली दयामाया? तिनं सहीसाठी पेन उघडलं.

“आकडे खोटेच आहेत,” सिस्टर म्हणाली. “खरे माझ्याकडे आहेत.”

तिनं पिशवीतून छोटी डायरी काढली आणि शेवटचं पान उघडलं. सहा तारखा, सहा आकडे. पहिला एकशेचौसष्ट. मग प्रत्येक भेटीला वाढत गेलेले. शेवटचा परवाचा होता, एकशेचौऱ्याण्णव-एकशेबारा.

बाईनं पान दोनदा वाचलं. इतके आकडे तिच्या डोळ्यांखालून गेले होते की पुढचं कुणी सांगायला नको होतं.

“अगं, हा गाढव मरेल! चालता चालता कोसळेल कुठंतरी. आणि तू त्याला सामील झालीस?”

“खरं लिहिलंत तर पुढच्या वेळी दार उघडणार नाही, म्हणाले. दार बंद झालं असतं तर मोजलं कुणी असतं, मॅडम? गोळ्यांसाठी तर मी हात जोडले. घरात गोळ्यांचं पाकीट दिसलं तर माझं हसं होईल, म्हणाले.”

“हसं होईल म्हणून मरायचं? नेभळट कुठला!” बाईचा आवाज चढला. “फॉर्मवर नाव नाही, गाव नाही. एक आकडा लिहू द्यायला याच्या बापाचं काय जात होतं? कुणाला भितो एवढा?”

सिस्टरनं डायरी तशीच उघडी बाईपुढे सरकवली.

“नाव सांगायची मला परवानगी नाही, मॅडम. ते काय म्हणाले तेवढं सांगते. म्हणाले, ‘माझा कागद जिच्या टेबलावर जातो, तिच्याच समोर मला रोज जेवायला बसायचं असतं.’”